खर्ज सांभाळणारे

'फ्री' या इंग्लिश बँडचं 'ऑल राइट नाऊ' हे गाणं १९७० मध्ये आलं आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या, तर अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. पॉल रॉजर्सचा आवाज आणि पॉल कॉसॉफची गिटार यांसाठी ते ओळखलं जातं. पण कान देऊन ऐकलं तर एक गोष्ट ध्यानात येते. या गाण्याच्या कडव्यांत बेस गिटार वाजतच नाही. गिटार, ड्रम्स आणि गळा, एवढ्यावरच कडवं चालतं. बेस येतो तो थेट ध्रुवपदाला, आणि तो आला की गाणं एकदम रुंद होतं, अंगावर येतं.

तो बेस वाजवणारा अँडी फ्रेझर तेव्हा सतरा वर्षांचा होता. गाण्याच्या दोन रचनाकारांपैकीही तो एक. रचना आपली, वाद्य आपलं, वय मिरवण्याचं, आणि तरीही कडवी मोकळी सोडायची, हा निर्णय त्याने घेतला. लाखो लोकांनी ते गाणं ऐकलं, त्यावर नाचले, पण त्या गप्प राहण्याची दाद फार थोड्यांनी दिली.

रॉक संगीतातल्या बेसवादकाचं मोठेपण अशाच निर्णयांत असतं. खाली कुठला स्वर ठेवायचा, तो किती वेळ धरायचा आणि कुठे हात आवरायचा, हे तो ठरवतो. गाणं कसं वाटेल ते बरंचसं तिथेच ठरतं. या प्रकरणात अशा पाच वादकांची ओळख करून घेऊ. त्यांची गाणी जगाला पाठ आहेत, नावं मात्र नाहीत.

चार तारा आणि एक खालचं सप्तक

आज आपण जी बेस गिटार पाहतो तिचं घराणं १९५१ मध्ये सुरू झालं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडरने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. त्याआधी वाद्यवृंदात उभा डबल बेस असे. माणसाएवढा उंच, प्रवासात न्यायला अवघड, आणि ड्रम्स-ट्रम्पेटच्या गलक्यात ऐकू न येणारा. फेंडरच्या वाद्याला गिटारसारखेच पडदे होते. पडद्यांमुळे स्वर अचूक लागे, म्हणून नाव 'प्रिसिजन'. तारा चार, ई-ए-डी-जी अशा लावलेल्या. गिटारच्या जाड चार तारांचेच हे स्वर, एक सप्तक खाली.

सगळ्यात जाड तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ४१. या ध्वनीची एक लाट हवेत आठ मीटरहून अधिक लांब असते. एवढी हवा हलवायची तर स्पीकरही तसाच मोठा लागतो. त्या काळातल्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या तळहाताएवढ्या स्पीकरला ते जमणं शक्य नव्हतं. मग बेस ऐकू कसा येई? तारेतून मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही निघतात. छोटा स्पीकर तेवढे देतो आणि त्यावरून मूळ स्वराचा अंदाज आपला मेंदू बांधतो. म्हणजे रेडिओवर बेस ऐकणाऱ्यांच्या एका पिढीने त्यातला तळाचा भाग मनातच पुरा करून घेतला.

तबकडीची अडचण वेगळी होती. खर्जाचा आवाज मोठा ठेवला तर तबकडीवरची खाच जास्त नागमोडी कापावी लागते आणि सुई उडण्याची भीती असते. त्यामुळे ध्वनिमुद्रणाचे तंत्रज्ञ बेस दाबूनच ठेवत. १९६६ मध्ये बीटल्सच्या 'पेपरबॅक रायटर'साठी जेफ एमरिकने एक मोठा लाउडस्पीकरच उलटा मायक्रोफोनसारखा वापरला, तेव्हा कुठे पॉल मॅकार्टनीचा बेस तबकडीवर ठसठशीत उमटला. खुद्द मॅकार्टनीकडे हे वाद्य हौसेने आलेलं नव्हतं. १९६१ मध्ये बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ बँड सोडून गेला आणि बाकी कुणाला बेस नको होता.

आता या वाद्याची खरी सत्ता कशात आहे ते पाहू. आपल्या तंबोऱ्याचा षड्ज जागचा हलत नाही, गाणारा त्याच्या आधाराने फिरतो. रॉकमधला बेस खालून जागा बदलतो, आणि तो सरकला की वरच्या सगळ्या स्वरांचा अर्थ पालटतो. घरी पेटी असेल तर करून बघा. सा, ग, प एकदम दाबा. स्वच्छ, प्रसन्न, घरी पोचल्यासारखं वाटेल. हे तीन स्वर तसेच धरून ठेवा आणि खाली मंद्र सप्तकातला शुद्ध धैवत जोडा. वरचं काहीही बदललेलं नाही, तरी आता त्यात हुरहुर आली. गायक तेच गातोय, गिटार तेच वाजवतेय, आणि भाव मात्र बेसवाल्याने बदलला. बेसवादकाच्या हातात ही ताकद असते.

अँडी फ्रेझर: मोकळी जागा ठेवणारा

फ्रेझरचा जन्म लंडनचा, १९५२ सालचा. लहानपणी तो पियानो शिकला. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला जॉन मेयॉलच्या 'ब्लूजब्रेकर्स'मध्ये जागा मिळाली. एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन यांच्यासारखे वादक ज्या बँडमधून घडले तो हा बँड. शिफारस केली होती ब्रिटिश ब्लूजचे वडीलधारे ॲलेक्सिस कॉर्नर यांनी. तिथला मुक्काम अल्पकाळच टिकला, आणि १९६८ मध्ये रॉजर्स, कॉसॉफ आणि ड्रमर सायमन कर्क यांच्यासोबत 'फ्री' उभा राहिला.

'ऑल राइट नाऊ'च्या जन्माची हकिगत कर्कने सांगितली आहे. डरहममध्ये त्यांचा एक कार्यक्रम पडला. वादक मंचावरून उतरायच्या आतच टाळ्या विरल्या होत्या. पडद्यामागे सगळे खट्टू होऊन बसलेले असताना फ्रेझर ध्रुवपदाचे ते तीन शब्द म्हणत नाचू लागला. गाण्याचा गाभा तिथेच तयार झाला.

फ्रेझर गिब्सनचा आखूड दांडीचा 'ईबी-३' बेस वाजवत असे. त्याचा आवाज जाड, गोलसर. अशा आवाजाचे स्वर दाटीने वाजवले तर चिखल होतो. फ्रेझरने उलटा मार्ग धरला. स्वर कमी ठेवले, त्यांच्यामध्ये हवा खेळू दिली. पण तो नेहमीच मागे राहिला असं नाही. 'फायर अँड वॉटर' या १९७० च्याच अल्बममधलं 'मिस्टर बिग' ऐका. मधल्या भागात भूमिका बदलतात. गिटार साथीला बसते आणि बेस वर चढत चढत गाऊ लागतो. जो कडवीच्या कडवी थांबू शकतो, त्यालाच असं पुढे येणं शोभतं.

'फ्री' १९७१ मध्ये फुटला, पुन्हा जुळला, आणि १९७२ मध्ये फ्रेझर बाहेर पडला. रॉजर्स आणि कर्क यांनी 'बॅड कंपनी' काढून मोठं नाव कमावलं. फ्रेझर गाणी लिहीत राहिला. १९७८ मध्ये रॉबर्ट पामरने गाजवलेलं 'एव्हरी काइंडा पीपल' हे त्याचंच. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात तो गेला, तेव्हा मोठ्या वादकांच्या याद्यांत त्याचं नाव क्वचितच दिसत असे. मला तरी हे मोठं अन्यायाचं वाटतं.

कॅरल के: स्टुडिओतली बाई

साठच्या दशकात अमेरिकन बँडच्या रेकॉर्डवर बँडमधलेच सगळे वाजवत असतील असं समजायचं कारण नाही. लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओत वाजवणाऱ्या वादकांचा एक ताफा होता. पुढे तो 'रेकिंग क्रू' म्हणून ओळखला गेला. सकाळी एका गायकासाठी, दुपारी दुसऱ्यासाठी, रात्री जाहिरातीसाठी किंवा सिनेमासाठी. मानधन हातात पडे, तबकडीच्या वेष्टनावर नाव बहुधा नसेच.

या ताफ्यातली कॅरल के १९३५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेट इथे जन्मली. आईवडील दोघंही वादक, घरात पैशांची चणचण. किशोरवयातच ती गिटार शिकवून घराला हातभार लावू लागली आणि पुढे जॅझ क्लबांमध्ये वाजवू लागली. १९६३ मध्ये कॅपिटल रेकॉर्ड्सच्या एका ध्वनिमुद्रणाला ठरलेला बेसवादक आलाच नाही, म्हणून बेस तिच्या हाती आला. तिच्या लक्षात आलं की या वाद्यावर आपल्याला स्वतःचं काही सुचतंय. त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही.

तिची पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. बहुतेक बेसवादक बोटांनी तार छेडतात, ती कडक पिक वापरत असे. तारा सपाट गुंडाळीच्या. आणि ब्रिजजवळ तारांवर फेल्टची दुहेरी घडी चिकटवलेली. त्यामुळे स्वर लांबत नसे. टक् करून उमटे आणि मिटे. पिकमुळे सुरुवात टोकदार, फेल्टमुळे शेवट आटोपशीर. तळहाताएवढ्या रेडिओवरही बेस कळावा असा हा आवाज होता.

बीच बॉइजच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स' या अल्बममध्ये तिचा बेस आहे. ब्रायन विल्सन तिला बऱ्याचदा ओळी लिहून देई, पण सनी आणि शेरच्या 'द बीट गोज ऑन'ची गोष्ट निराळी. १९६७ मध्ये आलेलं ते गाणं जवळजवळ एकाच कॉर्डवर बसलेलं, सपाट होतं. कॅरलने तिथल्या तिथे एक उसळती ओळ शोधून काढली आणि गाणं तिच्यावरच उभं राहिलं. आज ते गाणं गुणगुणायला सांगितलं तर पुष्कळ लोक आधी बेसच गुणगुणतील. रचनाकार म्हणून नाव मात्र एकट्या सनी बोनोचं. ग्लेन कॅम्पबेलच्या 'विचिटा लाइनमन'ची सुरुवातही तिच्याच बेसने होते. तिच्या कारकिर्दीतल्या ध्वनिमुद्रणांचा आकडा दहा हजारांच्या घरात सांगितला जातो.

डेट्रॉइटमध्ये हेच जेम्स जेमर्सनच्या वाट्याला आलं. मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांचा बेस त्याने उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवला. मॅकार्टनीसारखे रॉकमधले बेसवादक त्याला गुरुस्थानी मानत. पण मोटाऊनच्या मोठ्या अल्बमवर त्याचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. १९८३ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला.

कॅरलला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने सन्मान देऊ केला. वयाच्या नव्वदीत तिने तो नाकारला. स्टुडिओतल्या वादकांचं काम त्या व्यासपीठावर नीट मांडलं जात नाही, असं तिचं म्हणणं होतं. आयुष्यभर सांघिक काम केलेल्या बाईने हे म्हणावं यात मला तिच्या वाजवण्याइतकीच शिस्त दिसते.

जॉन मॅकव्ही: दोन स्वरांचा धनी

'फ्लीटवुड मॅक' या नावातला 'मॅक' म्हणजे जॉन मॅकव्ही. १९६७ मध्ये पीटर ग्रीनने हे नाव ठेवलं तेव्हा मॅकव्ही बँडमध्ये आलाही नव्हता. मेयॉलकडचा बांधलेला पगार सोडायला तो धजत नव्हता. त्याआधी काही महिने त्याने आयकर खात्यात उमेदवारी केली होती. हा सावध स्वभाव त्याच्या बेसमध्येही उतरला. वायफळ काही नाही.

१९७७ चा 'रूमर्स' हा अल्बम कोट्यवधी घरांत पोचला. त्यातलं स्टीव्ही निक्सचं 'ड्रीम्स' त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आता त्यातला बेस ऐका. गाण्याच्या ओळींखाली तो एफ आणि जी या दोनच स्वरांमध्ये ये-जा करतो. सी हा षड्ज धरला तर मध्यम आणि पंचम. मध्यम, पंचम, पुन्हा मध्यम. षड्जावर तो येऊन विसावत नाही. गाण्यात जी तरंगती, सुटलेल्या नात्याची अस्वस्थता आहे, ती या न पोचण्यातून येते. तिथे एखाद्या हौशी वादकाने मधल्या जागा भरल्या असत्या, खाली एखादी वेलबुट्टी काढली असती, तर गाणं जमिनीवर आलं असतं. दोन स्वरांवर टिकून राहायला बोटांपेक्षा मनाची तयारी जास्त लागते.

याच अल्बममधल्या 'द चेन'मध्ये साधारण तीन मिनिटांनी गाणं ओसरतं आणि मॅकव्हीचा बेस जवळजवळ एकटाच एक छोटी ओळ म्हणतो. तिच्यावर पुढचा सगळा कल्लोळ रचलेला आहे. बीबीसीने १९७८ पासून अनेक वर्षं फॉर्म्युला वन शर्यतींच्या कार्यक्रमाला हीच ओळ वापरली. ब्रिटनमध्ये मोटारींच्या शर्यतीची खूण म्हणून ती लाखोंच्या कानात बसली. ती कुणी वाजवली हे त्यातल्या कितींना ठाऊक असेल?

हे सगळं वाजवताना मॅकव्हीचं घर मोडत होतं. त्याची पत्नी क्रिस्टीन याच बँडमध्ये होती. तिने आपल्या नव्या प्रेमावर लिहिलेल्या 'यू मेक लव्हिंग फन'ला बेस त्याचाच आहे, आणि त्यात कुठे हात आखडलेला नाही. मला तो त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड बेस वाटतो.

जॉन पॉल जोन्स: चौथा माणूस

'लेड झेपलिन' म्हटलं की जिमी पेजची गिटार, रॉबर्ट प्लांटचा गळा, जॉन बॉनमचे ड्रम्स आठवतात. चौथा जॉन पॉल जोन्स. मूळ नाव जॉन बाल्डविन, जन्म १९४६. चौदाव्या वर्षी तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता. विशीत पोचेपर्यंत लंडनच्या स्टुडिओंमधला भरवशाचा वादक आणि संयोजक झाला. १९६७ मधल्या रोलिंग स्टोन्सच्या 'शीज अ रेनबो'चं व्हायोलिनवृंदाचं संयोजन त्याचं आहे. १९६८ मध्ये झेपलिन सुरू झाला तेव्हा संगीत कागदावर उतरवू शकणारा, अनेक वाद्यं जाणणारा हा माणूस बँडला मिळाला हे त्यांचं भाग्य.

'ब्लॅक डॉग'ची ती वळणावळणाची ओळ जोन्सची. गिटार आणि बेस मिळून ती म्हणतात, बॉनम मात्र सरळ ठेका सोडत नाही. ओळीचं वजन ठेक्याच्या समेवरून घसरत जातं आणि पुन्हा जुळतं. तालाचा कान असलेल्या मराठी श्रोत्याला ही गंमत चटकन कळेल. 'स्टेअरवे टू हेवन'च्या सुरुवातीला जी बासरीसारखी लाकडी वाद्यं वाजतात, ती जोन्सची. 'कश्मीर'मधला वाद्यवृंद त्याने बांधला. मंचावर हात कीबोर्डवर गुंतले की बेस तो पायांनी, पेडलवर वाजवी. 'रँबल ऑन'मध्ये कडव्याखाली बेस स्वतंत्र चाल गातो, तरी प्लांटच्या आवाजावर कुठे कुरघोडी करत नाही.

पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. पूर्वेकडच्या वाद्यवृंदाची ही ओढ त्यांनी १९९४ मध्ये मोठ्या प्रकल्पात उतरवली. जुनी गाणी, नवा थाट. जोन्सला बोलावणं नव्हतं. अल्बमचं नाव ठेवलं 'नो क्वार्टर', म्हणजे ज्या गाण्याचा प्राण जोन्सचा कीबोर्ड आहे तेच. पुढच्याच जानेवारीत हॉल ऑफ फेमच्या समारंभात तिघं एकत्र आले, तेव्हा आपला फोन नंबर अखेर आठवल्याबद्दल जोन्सने मित्रांचे आभार मानले. एवढं बोलून तो आपल्या कामाला लागला. त्याआधी १९९२ मध्ये 'आर.ई.एम.'साठी तंतुवाद्यांचं संयोजन त्याने केलंच होतं, पुढे २००९ मध्ये डेव्ह ग्रोहल आणि जॉश होमी यांच्या जोडीने 'देम क्रुकेड व्हल्चर्स'मध्ये तरुणाच्या जोमाने वाजवलं.

टीना वेमथ: उशिरा शिकून पुढे गेलेली

टीना वेमथ चित्रकलेची विद्यार्थिनी. ऱ्होड आयलंडच्या कलाशाळेतले डेव्हिड बर्न आणि क्रिस फ्रँट्झ न्यूयॉर्कला आले, तेव्हा त्यांच्या बँडला बेसवादक मिळेना. फ्रँट्झच्या आग्रहावरून टीनाने बेस हाती घेतला. सुझी क्वाट्रोच्या रेकॉर्डी ऐकून ती शिकली, आणि १९७५ च्या जूनमध्ये 'टॉकिंग हेड्स' न्यूयॉर्कच्या 'सीबीजीबी' क्लबमध्ये रमोन्सच्या आधी मंचावर उभा राहिला.

'वन्स इन अ लाइफटाइम' (१९८०) मधला तिचा बेस म्हणजे मोजक्या स्वरांची एक छोटी आकृती. ती गाणंभर फिरत राहते. वर बर्न बोलतो, ओरडतो, ध्रुवपद येतं-जातं, खाली बदल नाही. त्या एकसुरी चक्रामुळेच वरच्या माणसाची तगमग आपल्याला भिडते. ज्या अल्बममध्ये ते गाणं आहे त्या 'रिमेन इन लाइट'वर गाणी 'डेव्हिड बर्न, ब्रायन ईनो, टॉकिंग हेड्स' यांची असल्याचं छापलं गेलं. टीना आणि फ्रँट्झ यांची नावं 'टॉकिंग हेड्स' या सामूहिक नावात विरून गेली आणि ते दुखावले.

त्यावरचं उत्तर त्यांनी कामातून दिलं. बहामा बेटांवरच्या नासाऊ इथे त्यांनी 'टॉम टॉम क्लब' नावाने वेगळा अल्बम केला. त्यातल्या 'जीनियस ऑफ लव्ह' (१९८१) या गाण्याचे तुकडे पुढे कित्येक हिपहॉप कलाकारांनी उचलले. १९९५ मध्ये मराया कॅरीचं 'फँटसी' त्याच्यावर उभं राहिलं आणि अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं. त्या गाण्याच्या रचनाकारांत टीना वेमथ हे नाव आहे.

श्रेय कुणाला मिळतं?

पाचही गोष्टींत श्रेयाचा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. गाण्याची मालकी ठरवण्याची रीत जुनी आहे. शब्द कुणाचे आणि चाल कुणाची, एवढंच ती विचारते. खालची ओळ कितीही घडवणारी असली तरी ती 'साथ' ठरते. 'द चेन'वर पाचही जणांची नावं लागली, कारण ते गाणं तुकडे जोडून सगळ्यांनी मिळून बांधलं होतं. 'द बीट गोज ऑन'वर कॅरलचं नाव लागलं नाही. दोन्हींकडे बेस गाण्याची ओळख बनला. फरक पडला तो फक्त कागदावर. ही रीत बदलायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचकांनी निदान आपल्यापुरतं एक करावं. मोबाईलचा स्पीकर बंद ठेवून चांगले इअरफोन घ्यावेत आणि 'ऑल राइट नाऊ', 'द बीट गोज ऑन', 'ड्रीम्स', 'रँबल ऑन' आणि 'जीनियस ऑफ लव्ह' ही पाच गाणी याच क्रमाने ऐकावीत. पहिल्यांदा गाणं म्हणून, दुसऱ्यांदा फक्त खालचा आवाज धरून. दुसऱ्या वेळी गायक मागे जाईल आणि गाणं कुणी तोलून धरलंय ते कळेल. पुण्या-मुंबईत, पणजीत कॉलेजचे बँड उभे राहतात, तेव्हा दोन गिटारवाले आधीच आहेत म्हणून तिसऱ्याच्या गळ्यात बेस पडतो. त्या मुलाने किंवा मुलीने याला दुय्यम काम समजू नये. आणि कार्यक्रम आवडला तर गायकाइतकंच आवर्जून बेसवाल्याचं नाव विचारावं, आणि लक्षात ठेवावं.